वेणीची माफी

विरुपाक्ष हत्तुरे हा बाळीवेशीतल्या एका वकिलाकडे कारकून होता, आणि आपल्याला वकिलापेक्षा कायदा जरा जास्तच कळतो असं त्याला वाटे. वकीलसाहेबांना तसं वाटत नसे; पण गल्लीला वाटे, आणि माणूस राहतो गल्लीत, कोर्टात नाही. मधली भिंत कुणाची, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं, असले प्रश्न घेऊन माणसं त्याच्या ओट्यावर येत. तो चष्मा पुसत पुसत असा काही निकाल देई की दोन्ही पक्ष गोंधळून घरी जात आणि भांडण आपोआप मिटे.

त्या उन्हाळ्यात सोलापुरात गजकर्णाची साथ होती. जो तो खाजवत होता. हा रोग फणीतून आणि वस्तऱ्यातून पसरतो असं कुणा मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं, आणि त्यातून एक परवाना कचेरी निघाली. एका बंद पडलेल्या सरकीच्या वखारीत तिनं बस्तान मांडलं आणि एके सकाळी हलगीवाला गल्लीत येऊन ओरडला,

"ऐका हो ऐका! दुसऱ्याचे केस कापणारे, दाढी करणारे, वेणी घालणारे, तेल चोळणारे, उटणं लावणारे, समद्यांनी परवाना काढायचा हो! बिगरपरवाना जो कोण दुसऱ्याच्या डोक्याला हात लावंल त्याला दंड हो! ज्याला माफी हाय त्याला माफी हो!"

शेवटचं वाक्य कुणालाच कळलं नाही. विरुपाक्षालाही कळलं नाही, पण सगळे त्याच्याकडे पाहू लागले म्हणून त्यानं गंभीरपणे मान हलवली.

"आता दाक्षाक्काला धरून नेणार की!" शेजारची गौरम्मा म्हणाली. गौरम्माला वाईट बातमी शिळी झालेली चालत नसे.

दाक्षायणी म्हणजे विरुपाक्षाची बायको. लग्नकार्यात नवरीची वेणी घालावी तर तिनंच, हे आसपासच्या पेठांत ठरलेलं. मोगऱ्याची जाळी, अबोलीचा पट्टा, मधोमध दुमडलेलं केवड्याचं पान. तिच्या हाताखालून उठलेली नवरी मान वळवायची ती इतकी सावकाश, की डोक्यावर देव्हारा घेऊन चालली आहे असं वाटावं. या कामाची तिनं कधी मजुरी घेतली नाही. ओटीत खण-नारळ पडे तेवढाच.

"खण म्हणजे मजुरीच की ती," गौरम्मा म्हणाली. "आणि नारळ म्हणजे वरकमाई."

विरुपाक्ष हसला. पण घरात आल्यावर दाक्षायणी हसली नाही. तिनं दार लोटून घेतलं.

"अहो, चन्नम्माचं काय करायचं?"

चन्नम्मा ही समोरच्या गुरुबसप्पाची मुलगी. गुरुबसप्पाचं भुसाराचं दुकान होतं आणि विरुपाक्षाशी लहानपणापासूनची मैत्री. मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. अक्कलकोटचे पाहुणे तिला पाहून गेले तेव्हा तिची वेणी कमरेखाली लोंबत होती, आणि नवऱ्या मुलाच्या आईनं, पार्वतम्मानं, चारचौघांत ती वेणी हातात धरून "केस म्हणजे असे असावेत" म्हटलं होतं. त्यानंतर थंडीत चन्नम्माला विषमज्वर झाला. पोर वाचली, पण केस मुठीमुठीनं गेले. आता डोक्यावर जे होतं ते बोटभर लांब आणि मधे मधे चक्क रिकामं. हे तिच्या आईबापांना ठाऊक होतं आणि दाक्षायणीला, आणि तिच्याकडून विरुपाक्षाला. आईची बोटं संधिवातानं आखडलेली, म्हणून हे काम दाक्षायणीकडं होतं; तिनं खोट्या केसांचं गंगावन आणून ठेवलं होतं. ते कुठं टाचायचं, वर फुलं कशी पेरायची, याचा तिनं महिनाभर मनात विचार केला होता. दुसऱ्या कुणाचा हात त्या डोक्याला लागला, की लग्नाआधी गोष्ट अक्कलकोटला पोचणार हे नक्की.

"मी उद्याच कचेरीत जाऊन माफीचं विचारून येतो," विरुपाक्ष म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

परवाना कचेरीचे अधिकारी हिंदुराव म्हणून होते. माढ्याकडचे, अंगानं आडवे, डोक्याला भला मोठा फेटा. माणूस प्रामाणिक. हा नवा कायदा आपल्याला पुरता कळलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते तो फार काटेकोरपणे पाळत.

"माफी कुणाकुणाला आहे साहेब?" विरुपाक्षानं विचारलं.

"दवाखान्यातल्या बायास्नी. नाटक कंपनीतल्यास्नी, त्ये रंग लावत्यात म्हणून. मयताला आंघोळ घालणाऱ्यास्नी. आन् घरच्यास्नी."

"घरच्यांना म्हणजे?"

"घरच्यास्नी म्हंजी घरच्यास्नी."

"म्हणजे समजा, समोरची मुलगी आहे. आम्हाला अगदी घरच्यासारखी."

हिंदुरावांनी समोरचं पुस्तक उलटसुलट पाहिलं. "'सारखी' असा शबुद हितं न्हाय," ते खेदानं म्हणाले.

"मग परवानाच काढला तर?"

"काढा की. येगळं दुकान पायजे, फरशी पायजे, सांडपाण्याची मोरी पायजे, आन् दारावर नावाची पाटी पायजे."

वकिलाच्या कारकुनाच्या दारावर बायकोच्या नावाची केस विंचरण्याची पाटी! विरुपाक्षाच्या डोळ्यांपुढं ती पाटी उभी राहिली, तिच्याखाली उभी राहिलेली गौरम्मा दिसली, आणि तो घाईनं बाहेर पडला.

घरी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा दाक्षायणी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मेलेल्याचे केस विंचरले तर माफी, आणि जित्या नवरीचे विंचरले तर दंड? कसला म्हणायचा हो हा कायदा?"

"त्यामागं काही तत्त्व असणार," विरुपाक्ष म्हणाला. काय, ते त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर सल्लामसलत झाली. चन्नम्माच्या केसांची खरी गोष्ट गौरम्माला माहीत नव्हती, पण त्यानं तिचे सल्ले अडले नाहीत. "लग्नाच्या सकाळी पोरीला दवाखान्यात झोपवा. तिथं वेणी घाला आणि टांग्यातून मांडवात आणा. दवाखान्याला माफी आहे की!"

"नवरी दवाखान्यात म्हटल्यावर पाव्हणे टेसनावरनंच परत फिरतील!" गुरुबसप्पा ओरडला.

"मग नाटक कंपनीत..."

गुरुबसप्पानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेलाचा हात लावायलाही परवाना लागतो हे आठवून विरुपाक्षानं ते चेपायचं टाळलं.

इथवर हा चन्नम्माचा आणि दाक्षायणीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी तो विरुपाक्षाच्या स्वतःच्या तोंडावर आला. नेहमीचा ज्ञानू न्हावी दारात आला, पण हत्यारांची धोपटी न घेता.

"मालक, परवाना येईस्तवर वस्तरा बंद. अर्ज दिलाय. फरशी बसवा म्हंत्यात. मी झाडाखाली बसतो, झाडाला फरशी कुटं बसवू?"

स्वतःच्या हातानं दाढी करणं विरुपाक्षाला कमीपणाचं वाटे, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटे. दाढी वाढू लागली. तिच्यात एक वाईट खोड होती, ती काळी न वाढता पांढरी वाढली. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही बरंवाईट?" कोर्टातल्या एका पक्षकारानं तर त्याचे दोन्ही हात हातात घेऊन, "चालायचंच, आपल्या हातात काय असतं," असं म्हणून डोळे पुसले. कोण गेलं ते विचारायचं धैर्य विरुपाक्षाला झालं नाही. पण कळस झाला तो सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर. खेड्यातली एक म्हातारी लगबगीनं आली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अय्या, आशीर्वाद द्या. सुनेला मूल न्हाय."

आपण मठातले अय्या नाही, वकिलाचे कारकून आहोत, हे देवाच्या दारात कसं सांगावं? विरुपाक्षाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "विचार करून कळवतो." म्हातारीला तेवढ्यानंही समाधान झालं.

त्याच दिवशी परत येताना भाजीबाजारात त्याला हिंदुराव भेटले. हातात मेथीची जुडी होती, अंगावर कचेरीचा रुबाब नव्हता. ही संधी साधून त्यानं पुन्हा विचारलं, की साहेब, घरचं माणूस कायद्यानं कुणाला म्हणायचं?

हिंदुरावांनी मेथी या हातातून त्या हातात घेतली. "आता बगा, आमच्याकडं तर एका चुलीवर जेवतंय त्ये घरचं. दुसरं काय?"

विरुपाक्षाला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तो जवळजवळ पळतच घरी आला. "दाक्षायणी! चन्नम्माला आजपासून आपल्याकडं जेवायला बोलाव. ती आपल्या चुलीवर जेवली की आपली, आणि आपली झाली की माफी!"

युक्ती सरळ होती. ती सरळच राहिली असती, पण शेजारच्या घराच्या मधल्या भिंतीला कान होते, आणि ते गौरम्माचे होते. दुसऱ्या दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि चन्नम्मापाठोपाठ गौरम्मा ताट घेऊन आली. "माझीही वेणी घालायची आहे की लग्नाला." तिच्यामागं तिची भावजय, तिच्यामागं वरच्या माळ्यावरच्या दोघी, आणि त्यांच्यामागं जिला विरुपाक्षानं जन्मात पाहिली नव्हती अशी एक थोराड बाई. तिनं आल्या आल्या शेंगाची चटणी आहे का ते विचारलं. कुणालाच नाही म्हणता येईना. नाही म्हणावं तर ती कचेरीत जाऊन चन्नम्मा इथं का जेवते ते सांगणार. दाक्षायणी भाकऱ्या थापून थापून लाल झाली. ज्वारीचा डबा तळाला गेला. बायका रोज येत, पोटभर जेवत, आणि हात धुताना म्हणत, "झालो बाई घरच्या!"

चौथ्या की पाचव्या दिवशी ज्ञानू आला. या खेपेला त्याच्याबरोबर धोपटी होती.

"मालक, मला बी वाढा की. म्हंजी घरचा म्हणून तुमची दाढी करतो."

विरुपाक्षाचा ऊर भरून आला. ज्ञानू निवांत जेवला, ताकावर ताक प्याला, मग अंगणात विरुपाक्षाला बसवून त्यानं वस्तरा पाजळला. उजवा गाल गुळगुळीत झाला. विरुपाक्षानं त्यावरून हात फिरवला आणि त्याला वाटलं, की आपण पुन्हा माणसात आलो. ज्ञानू डाव्या गालाला साबण लावणार, तोच दारात फेटा दिसला.

एवढ्या बायका एकाच घरात ताटं घेऊन जातात, हे हिंदुरावांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी ओसरीभर पंगत पाहिली, वस्तरा पाहिला.

"ही काय भानगड हाय?"

"आम्ही घरच्या!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"आन् मी बी," ज्ञानू म्हणाला खरा, पण हिंदुराव एक पाऊल पुढं आले मात्र, तो वस्तरा, वाटी आणि उरलेली अर्धी दाढी तशीच सोडून मागच्या दारानं पसार झाला.

हिंदुरावांनी पंगतीतली ताटं मोजली. आपणच बाजारात काय बोललो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा फार केविलवाणा झाला. मग ते म्हणाले, "न्हाय, न्हाय. एक टायम जेवून कुणी घरचं होत न्हाय. असं जर धरलं तर खानावळवाला समद्या गावाचा बाप व्हईल."

बायका उठल्या, पण ताटातलं संपवून उठल्या.

विरुपाक्ष अर्ध्या दाढीनं वकीलसाहेबांकडे गेला. संध्याकाळी ते म्हणाले, "काही दिवस घरीच राहा. प्रकृती सांभाळा." समोरून येणारे लोक त्याच्या उजव्या बाजूला नमस्कार करत आणि डावी बाजू दिसताच थबकत. म्हणून तो भिंतीच्या कडेनं, डावा गाल भिंतीकडं करून चालू लागला. जाताना ते जमलं. येताना भिंत दुसऱ्या बाजूला आली.

लग्न दोन दिवसांवर आलं होतं. दाक्षायणीनं त्या रात्री जेवताना एवढंच विचारलं, "मी चन्नम्माच्या आईला काय सांगू?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच विरुपाक्षाला जास्त लागलं. आतापर्यंत हे सगळं आपल्या अब्रूचं प्रकरण आहे असं त्याला वाटत होतं.

सकाळी तो रीतसर अर्ज लिहायला बसला. आयुष्यभराची विद्या त्यानं त्यात ओतली. 'सदरहू अर्जदार हा समोरील घरी, स्वहस्ते, विनामोबदला, केवळ शेजारधर्मास अनुसरून, उपवर कन्येचे केशबंधन करू इच्छितो', वगैरे. वाक्य सुरू कुठं होतं आणि संपतं कुठं, याचा पत्ता लागत नव्हता. हिंदुरावांनी तो वाचला, पुन्हा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, आणि समजून घेण्यापेक्षा मंजूर करणं सोपं असं ठरवून शिक्का मारला. माफी मिळाली! विरुपाक्षानं कागद न वाचताच खिशात ठेवला. ज्याला कायदा कळतो त्याला वाचायची गरज काय?

त्याच दिवशी ज्ञानूचाही परवाना आला. एका मेव्हण्याच्या दुकानाची फरशी त्यानं आपली म्हणून दाखवली होती. त्यानं विरुपाक्षाचा डावा गाल केला. तोवर उजवा पुन्हा उगवला होता, म्हणून तोही केला, आणि दोन दाढ्यांची मजुरी मागितली.

लग्नाच्या सकाळी सनई वाजू लागली. अक्कलकोटचे पाहुणे उतरले. गुरुबसप्पानं एक शहाणपणा करून ठेवला होता. साहेबांना आमंत्रण दिलं म्हणजे तोंड बंद राहील, असं वाटून त्यानं हिंदुरावांना बोलावलं होतं. हिंदुराव अत्तर लावून आले, सरबत प्याले, आणि आमंत्रणाला जागायचं म्हणून थेट नवरीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"कागुद बगू," ते विरुपाक्षाला म्हणाले. विरुपाक्षानं ऐटीत काढून दिला. हिंदुरावांनी बोट ठेवून वाचला. "विरुपाक्ष हत्तुरे. स्वहस्ते. बरूबर हाय. जावा आत."

"मी कशाला? आत बायको आहे."

"तिला कुटं माफी हाय? अर्जदार तुमी. हात तुमचं."

विरुपाक्षानं कागद ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं लिखाण लक्ष देऊन वाचलं. आतून दाक्षायणीचा आवाज आला, "अहो, मुहूर्त जवळ आला. या आत."

तो आत गेला. चन्नम्मा पाटावर बसली होती. तिची आई कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती. दाक्षायणीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि ती म्हणाली, "मी सांगते तसं करा. आधी गंगावन धरा. घट्ट नको, दुखेल तिला."

कागदावर टाक धरणाऱ्या बोटांनी त्यानं गंगावन उचललं. त्यानं पदर सरकवला आणि पहिल्यांदाच ते डोकं पाहिलं. लहान मुलाच्या डोक्यासारखं, मऊ, कुठं कुठं उघडं. इतके दिवस कलमं, माफी, चूल यांच्या घोळात तो हे विसरूनच गेला होता.

"काका," चन्नम्मा अगदी हळू म्हणाली, "दिसतंय का?"

"नाही गं," तो म्हणाला. "काहीसुद्धा नाही."

मग तो वेणी घालू लागला. तीन पेड घ्यायचे हे त्याला माहीत होतं, पण तिसरा कुठून कुठं जातो हे कळेना. दाक्षायणी "डावा, डावा, अहो तुमचा डावा नव्हे," म्हणत होती. फुलं उलटी बसली. केवड्यानं त्याचं बोट कापलं. शेवटी जे झालं त्याला वेणी म्हणण्यापेक्षा सुंभ म्हणणं जास्त बरोबर. आणि नेमकी तेव्हाच हिंदुरावांची खुर्ची बाजूला सारून पार्वतम्मा आत आली.

नवऱ्या मुलाची आई उंच होती, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. तिनं पाटावरची सून पाहिली, तिच्यामागं हातात मोगरा घेतलेला परका पुरुष पाहिला.

"यारु, कोण हे? वेणी कुणी घातली?"

"मी," विरुपाक्ष म्हणाला. याहून जास्त काही सांगता येईल असं त्याला वाटलं नाही.

"दिसतंयच की ते," पार्वतम्मा म्हणाली. "सरका."

कुणी थांबवायच्या आत ती पाटामागं बसली आणि तिनं वेणी उसवायला घेतली. दाक्षायणी पुढं झाली, पण तोवर उशीर झाला होता. फुलं निघाली. पेड सुटले. गंगावन पार्वतम्माच्या हातात आलं, आणि खाली चन्नम्माचं डोकं.

सनई तेवढी वाजत होती. चन्नम्मानं डोळे घट्ट मिटून घेतले. तिची आई उभी राहिली, पुन्हा बसली.

पार्वतम्मानं हातातल्या गंगावनाकडं पाहिलं. मग तळवा त्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"ताप आला व्हता व्हय?" तिनं विचारलं. आवाज भोंग्यासारखा राहिला नव्हता.

चन्नम्मानं मान हलवली.

"मग सांगायचं न्हाय का गं? केस येत्याल की. जीव ऱ्हायला न्हवं." तिनं दाक्षायणीकडं पाहिलं. "तुमाला येतंय दिसतंय. कुटं टाचायचं ते सांगा. फुलं द्या."

दाराशी हिंदुराव उठून उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला. "बाई, परवाना..."

"माझ्या सुनेचं डोकं हाय," पार्वतम्मा म्हणाली. "बिडु, सोडा ते! दार लावा."

दार लागलं. विरुपाक्ष आणि हिंदुराव दोघेही बाहेर राहिले. हिंदुराव फार अस्वस्थ झाले होते. "हत्तुरे, तुमी कायदा जाणता. बाई सासू हाय खरी, पर अजून लगीन लागलं न्हाय. मंग आत्ता ती घरची का भायेरची? माफीत बसती का न्हाय?"

विरुपाक्षानं कापलेलं बोट तोंडात घातलं आणि विचार केला. त्याला काहीच सुचलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. "सरबत घ्या आणखी," तो म्हणाला.

चन्नम्मा बाहेर आली तेव्हा मांडवात कुजबुज थांबली. मोगऱ्याची जाळी, अबोलीचा पट्टा, केवड्याचं पान मधोमध. एका बाजूनं दाक्षायणीनं, दुसऱ्या बाजूनं पार्वतम्मानं तिला धरलं होतं. गौरम्मानं त्या केसांत काही खोट दिसते का म्हणून दोनदा पाहिलं आणि निराश होऊन पदर सावरला. अक्षता पडल्या.

हिंदुरावांनी मोठा श्वास सोडला. "चला," ते विरुपाक्षाच्या कानाला लागून म्हणाले, "आता बसलं कायद्यात."

विरुपाक्षाच्या डोक्यात चटकन एक मुद्दा उभा राहिला. लग्न आत्ता लागलं, वेणी त्याआधी घातली. कायदा मागल्या वेळेपासून लागू होत नाही. मुद्दा बिनतोड होता. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात मांडवापलीकडून, बायकांच्या घोळक्यातून, दाक्षायणीनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

त्यानं तोंड मिटलं, आणि मुठीत उरलेल्या अक्षता हिंदुरावांच्या फेट्यावर टाकल्या.